कुणी शिकवलं?

यवतमाळ,
२० नोव्हेंबर २००५

चि. रत्नप्रभेस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या घरच्या फोनला मी घाबरतो. तो तुझ्या सासूबाईंच्या पलंगाशी आहे, आणि आपण ऐकत नाही हे त्या इतक्या जोरात दाखवतात की मला माझंच बोलणं ऐकू येत नाही. म्हणून पत्र. संस्कृतच्या मास्तरानं पोस्टखात्याला जगवायचं नाही तर कुणी?

तुझी लेक उत्तम आहे. बारावीचा अभ्यास करते, पहाटे उठते, जेवते. कमी जेवते, असं इंदुताईचं मत. पण आपली थोरली बहीण गेली सतरा वर्षं माझं घर आणि मला चालवते आहे, आणि तिच्या हिशेबी हत्तीसुद्धा पानात टाकून उठतो.

शाल्मलीनं इथं मैत्रिणींचं एक मंडळ जमवलंय. तिला धरून चौघी आहेत. मिताली, आणखी एक, आणि वसतिगृहात राहणारी रंजिता राठोड. ही बाभुळगावकडच्या तांड्यावरची, बंजाऱ्यांची. चौघींत संस्कृत तिचंच बरं आहे; उच्चार असे की मला माझ्या गुरुजींची भीती पुन्हा वाटू लागते. रविवारी सकाळी चौघी माझ्याकडे येतात. दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी मला एक संकल्प रचून मागितला. "मामा, आम्ही सहन करू आणि कुणाला सांगणार नाही, असं संस्कृतात द्या." अभ्यासाचं व्रत, दुसरं काय! मी लगेच दिलं : "अद्यप्रभृति वयं सहामहे, न कस्मैचित् कथयामः।" चौघींच्या वह्यांत पहिल्या पानावर स्वहस्ते लिहिलं. तीस वर्षांत प्रथमच विद्यार्थ्यांनी परीक्षेत न येणारं संस्कृत मागितलं, मी काय गप्प बसणार होतो?

एक गंमत. शाल्मली हल्ली लांब बाह्यांचेच कपडे घालते. परवा दिवाणखान्यात पंखा पुसताना बाही घसरली, तेव्हा मनगटाच्या वर काही काळसर खुणा दिसल्या. मी बघितलं म्हणताच तिनं हात मागे घेतला आणि "गोंदण आहे मामा, आईला सांगू नका," म्हणाली. रंजिताकडून शिकली असणार. तिच्या आजीचा हात कोपरापासून मनगटापर्यंत गोंदलेला आहे, असं तीच सांगते. आता मी सांगितलं तर चहाडखोर आणि न सांगितलं तर तुझा भाऊ नाही. तेव्हा सांगतो, आणि तू रागावू नकोस.

गाव नेहमीसारखंच. कापसाच्या गाड्या रांगेत, आणि त्यांच्यापेक्षा मोठी रांग पाहणी पथकांच्या जीपगाड्यांची.

तुझा,
कमलाकर

*

वणी,
२५ नोव्हेंबर २००५

दादा,
नमस्कार.

पत्र चारदा वाचलं. चारही वेळा हसू आलं नाही.

गंमत? माझी मुलगी हात गोंदून घेते आणि तू पंखा पुसत बसतोस? उद्या मेडिकलला मुलाखतीला गेली तर काय सांगेल, मामाकडे शिकायला होते? लग्नाचं तर मी बोलतच नाही, तू त्या भानगडीत पडला नाहीस म्हणून तुला ते हास्यास्पद वाटतं.

मी तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन लावून तिला बोलावून घेतलं. आधी "काही नाही" म्हणाली. मग रडायला लागली. मी सरळ विचारलं, कुणी शिकवलं? नुसती हुंदके देत राहिली. मी म्हटलं, त्या तांड्यावरच्या मुलीनं ना? तेव्हा "हो" म्हणाली.

झालं समाधान? आमच्या घरात कधी कुणी असलं काही केलं नव्हतं. तू सगळ्यांना घरात घेतोस, चटईवर बसवतोस, उच्चारांचं कौतुक करतोस. त्यांच्या चालीरीती त्यांच्यापाशी. माझ्या मुलीपाशी नकोत.

वसतिगृहाच्या रेक्टर विमलताई तुझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना जाऊन सांग. आजच सांग. नाहीतर मी अवधूतना पाठवते, आणि ते बापाच्या नात्यानं बोलतील, तुझ्यासारखं अनुष्टुभात नाही.

रत्ना

*

यवतमाळ,
४ डिसेंबर २००५

चि. रत्नप्रभेस,

तुझा विजय झाला. ढोल वाजवायचा तर वाजव, सासूबाईंना ऐकू जाईल इतपतच.

मी विमलताईंकडे गेलो. खरं सांगतो, मला जायचं नव्हतं, पण तुझ्या पत्रापेक्षा अवधूतरावांच्या येण्याला मी जास्त भ्यालो. त्यांना एवढंच म्हटलं की मुली एकमेकींचे हात गोंदताहेत असं दिसतं, जरा लक्ष ठेवा. रंजिताचं नाव त्यांनी विचारलं, मी दिलं. बाकी तिघींची त्यांनी विचारली नाहीत, मीही दिली नाहीत. त्या तिघी घरून येणाऱ्या, वसतिगृहातली तेवढी एकच. तिला बोलावलं, बाही वर करायला लावली, आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. शिस्त.

विमलताई मला नंतर म्हणाल्या, "सर, ते गोंदण नव्हतं हो. जखमा होत्या. स्वतःच केलेल्या. असली नाटकं करतात काही मुली. कुणी शिकवलं विचारलं तर तोंडातून शब्द नाही."

म्हणून मी शाल्मलीला विचारलं, तुझंही तसंच आहे का? ती म्हणाली, "नाही मामा, माझं गोंदणच आहे, पिकलंय म्हणून तसं दिसतं." मी विश्वास ठेवला. मामा आहे, पोलीस नाही.

रविवारी तिघीच आल्या. चटईवर चौथीची जागा सोडून बसल्या. मी म्हटलं, सरका, ऊन येतंय तिथे. कुणी सरकलं नाही.

मला हे बरं वाटत नाहीये, रत्ना. तुला वाटत असेल तर दोन वाक्यांत कळव, मला शिकायचं आहे.

कमलाकर

*

वणी,
१२ डिसेंबर २००५

दादा,

दोन वाक्यांत कळवते. ती मुलगी गेली, विषय संपला. तू आता उकरू नकोस.

तिसरं वाक्य फुकट : यातलं अवधूतना काहीही कळता कामा नये. त्यांना मी सांगितलंय की शाल्मलीला थंडी बाधते म्हणून लांब बाह्या घालते.

रत्ना

*

बाभुळगाव,
१९ डिसेंबर २००५

कमलाकर सर यांना
खेमसिंग राठोड याचा नमस्कार.

मी सांगून राह्यलो अन् रंजिता लिहून राह्यली. मी सातवीपर्यंत शिकलो, पण कापसाच्या गाडीवर बसून लिहिलेलं माहं अक्षर मलेच वाचता येत नाही. चार दिवस झाले, खरेदी केंद्रापुढे गाडी उभी आहे. सोडून गेलो तर नंबर जाते. नाहीतर मी कागद धाडला नसता, तुमच्या दारात आलो असतो. कापूस ओला आहे म्हणतात अन् मोजत नाहीत, हे तुमचं नशीब समजा.

तुम्ही रेक्टरबाईले सांगतलं का माह्या पोरीनं बाकीच्या पोरींचे हात गोंदले. सर, माही माय लालीबाई, तिचा अख्खा हात गोंदलेला आहे. रंजिता घरी आली तं मायनं तिची बाही वर केली. एकदाच पाह्यलं. म्हणे, "हे गोंदण नाही. गोंदताना चार बाया बाजूले बसतात, गाणं म्हणतात, एक म्हातारी हात धरून ठेवते. पोरगी रडली तं तोंडात गूळ देतात. मंग ते साऱ्या तांड्याले दाखवतात. जे बाहीखाली लपवा लागते ते गोंदण नसते. या पोरीचा हात कोणी धरला नोहोता."

तुम्ही शिकलेले. तुमाले गोंदण अन् जखम यातला फरक नाही समजला. काहून? तांड्यावरची म्हटलं का गोंदणच असन, असंच ना?

मी रंजिताले मारणार होतो. मायनं मंधात हात घातला. मंग पोरीनं सांगतलं.

हे सुरू केलं तुमच्या भाचीनं. दसऱ्याच्या आधी. मंग ते मिताली, मंग तिसरी. रंजिता सगळ्यात शेवटी. हॉस्टेलात हिले जेवताना कोणी बाजूले बसवत नोहोतं, सर. शाल्मलीनं कॉलेजात दुपारच्या डब्याले बाजूले बसवलं. आपल्या डब्यातलं देल्लं. पंधरा दिवसांनी म्हणे, आमच्यातली व्हाचं असन तं हे करा लागन. माही पोरगी बाजूले बसाच्या जागेसाठी गेली.

अन् वहीत तुमच्या हातचं लिहिलेलं होतं. सरांनी लिहून देल्लं म्हणजे चांगलंच असन, असं वाटलं तिले. म्हणून तिनं रेक्टरबाईसमोर तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तं तुमचं नाव निघालं असतं. तुम्ही मात्र तिचं नाव घेऊन मोकळे झाले.

पेपरात रोज आमच्याकडच्या कोणाचं तरी नाव असते. मांगच्या महिन्यात बाजूच्या गावच्या दोन कास्तकारांनी जीव देल्ला. आमच्याकडे मरणाची गोष्ट पोरासोरांच्या कानावर सकाळी चहाबरोबर पडते. तुमच्या पोरींले तो खेळ वाटला असन. माही पोरगी बाही खाली ओढते तं मी हातचं काम टाकून तिच्याकडे पाह्यतो.

मले तुमच्याकडून काही नाही पाहिजे. माफी असन तं तुमच्यापाशीच ठेवा. माह्या पोरीवर आता घरच्या पाच जणांचे डोळे आहेत. तुमच्या पोरीवर कोणाचे आहेत, ते पाहा.

खेमसिंग

सर, वरचं बापूचं आहे. मी एक अक्षर बदललं नाही. हे खालचं माझं. शाल्मली वाईट नाही. ती म्हणायची, यानं डोकं शांत होतं. नाही होत. दोन दिवस झाल्यासारखं वाटतं, मग दुप्पट येतं. माझं तसंच झालं. तिला हे सांगा. मी वचन मोडलं, हेही सांगा.
रंजिता

*

यवतमाळ,
२२ डिसेंबर २००५

रत्ना,

आशीर्वाद वगैरे आज नाहीत. सोबत खेमसिंग राठोडांच्या पत्राची मी हातानं केलेली नक्कल आहे. आधी ती वाच. मग हे.

वाचलंस? मी काल दुपारी शाल्मलीला समोर बसवून ती वाचून दाखवली. इंदुताई दारात उभी होती. रंजिताच्या शेवटच्या ओळींपर्यंत पोरगी भिंतीकडे बघत होती. "मी वचन मोडलं" हे वाचलं तेव्हा तिनं स्वतःच बाहीचं बटण काढलं. मी सांगितलं नव्हतं.

गोंदण नाही, रत्ना. काय आहे त्याचं वर्णन करत नाही, तू आई आहेस. एवढंच सांगतो, सगळ्यात ताजी जखम चार दिवसांची आहे आणि रंजिताला जाऊन वीस दिवस झाले. शिकवणारी गेली तर ही कुणाकडून शिकते?

इंदुताईनं तेव्हा पदर तोंडाला लावला. कपडे धुताना बाहीवर डाग दिसत होते, ती म्हणाली. दिवाळीपासून. "मुलीच्या जातीला डागांबद्दल विचारू नये," म्हणून विचारलं नाही. मी खुणा बघितल्या आणि त्यांची तुला गंमत लिहून पाठवली. म्हणजे या घरात दोन म्हातारे डोळे उघडे ठेवून आंधळे होते, आणि त्यातला एक वर व्रताचा मजकूर पुरवत होता. सहन काय करणार आहात, एवढा एक प्रश्न मला सुचला नाही. वाक्य चांगलं झालं होतं ना!

शाल्मलीला "का?" विचारलं. म्हणाली, "सगळे माझ्या टक्क्यांशी बोलतात." मग म्हणाली, आईला सांगू नका, आईला त्रास होईल. मग बाही पुन्हा खाली घेतली.

मी विमलताईंना खरं सांगणार आहे. मिताली आणि त्या तिसऱ्या मुलीच्या घरीही. पण शाल्मलीचं नाव तुझ्यासमोर घेतलं जावं असं मला वाटतं, तुझ्या पाठीमागे नाही. म्हणून ये. ताबडतोब ये. तिला डॉक्टरांकडे न्यायला हवं, आणि ते "थंडी बाधते" म्हणून होणार नाही.

कमलाकर

*

वणी,
२७ डिसेंबर २००५

दादा,

कापसाच्या गाडीवर बसून कुणी काहीही सांगेल आणि तू त्याची नक्कल करून मला पाठवशील? सुवाच्य अक्षरात!

तो माणूस आपल्या मुलीची बाजू घेणारच. मी माझ्या मुलीची घेते. एवढं साधं आहे. ती माझ्याशी फोनवर "हो" म्हणाली होती. तुझ्या घरी तू आणि इंदुताईनं तिला कोंडून, आरोपीसारखं समोर बसवून पत्र वाचून दाखवलंत, मग ती काय करेल? बटणच काढेल.

टक्के! तिच्या टक्क्यांसाठी मी इथे सासूबाईंचे टोमणे खाल्ले, तिला तुझ्या घरी ठेवलं, अवधूतच्या मागे लागून क्लासची सोय केली. तुला मूल असतं तर कळलं असतं. नाही, म्हणून तुला ती एक गोष्ट आहे, पत्रात लिहायची.

विमलताईंना सांगायचंय? सांग की. पण आधी स्वतःचं अक्षर दाखव. त्या चार वह्या घेऊन जा आणि म्हण, हे व्रत मी दिलं. मास्तरांनी मुलींना काय लिहून दिलं ते अख्ख्या यवतमाळला कळू दे. तेवढं धाडस आहे? नाही ना? मग गप्प बस.

रविवारी अवधूत येऊन तिला घेऊन जातील. सामान बांधून ठेव. माझ्या मुलीचं नाव तू कुठेही घेतलंस तर आपण बहीणभाऊ नाही. भाऊबीजेची साडी परत पाठवते आहे.

रत्नप्रभा

*

यवतमाळ,
६ जानेवारी २००६

रत्ना,

साडी पोचली. रंग माझ्या वयाला शोभत नाही, इंदुताईला दिली.

तुझा सल्ला मानला. सोमवारी सकाळी वही घेऊन गेलो. शाल्मलीची, तिनं जाताना ती इथेच टाकली होती. विमलताईंसमोर पहिलं पान उघडून ठेवलं आणि म्हटलं, हे अक्षर माझं, सुरुवात करणारी माझी भाची, आणि जिला तुम्ही काढलंत तिचं नाव तुम्हाला देणारा मी. त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "सर, कशाला आता? फाइल बंद झाली." मी तिथेच बसून राहिलो. त्यांच्या कार्यालयात दुपारी बारापासून लोक जेवायला जातात, तरी बसून राहिलो. शेवटी प्राचार्यांना बोलवावं लागलं. फाइल उघडली. मला सध्या रजेवर राहायला सांगितलं आहे. नऊ विद्यार्थ्यांचा विषय आहे, देशाचं नुकसान मर्यादित आहे.

मितालीच्या घरी गेलो. तिच्या आईनं माझे हात धरले. तिसऱ्या घरी दार लावून घेतलं. पण दार लावण्याआधी बापानं आत वळून मुलीला हाक मारली, ती ऐकली. तेवढं पुरे.

मग तांड्यावर गेलो. खेमसिंगांनी बसायला सांगितलं नाही. लालीबाईंनी चहा दिला. तो मी उभ्यानं प्यालो. मी म्हटलं, वसतिगृहाची जागा परत मिळाली आहे. खेमसिंग म्हणाले, "परीक्षा देईन ती. इथून एस्टीनं जाऊन देईन. त्या जागी पाय नाही ठेवणार. तुमी तुमचं पाप धुवाले आले सर, आमच्या पाण्यानं नका धुऊ." मी कप खाली ठेवला आणि परतीची एस्टी धरली.  

आता तुला. रविवारी अवधूतराव तिला घेऊन गेले. थंडी बाधते म्हणून नेत होते. मी त्यांना फाटकापाशी खरं सांगितलं. चिडले नाहीत. "मला वाटलंच होतं काहीतरी," म्हणाले आणि बॅग खाली ठेवून जरा उभे राहिले. तुझ्या घरात तू ज्याला कळू देत नाहीस तो माणूस बराच समजूतदार आहे.

नागपूरच्या मनाच्या डॉक्टरांचा पत्ता सोबत आहे. इथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिला. त्यांनी सांगितलेलं तसंच लिहितो : झडती घेऊ नका, ओरडू नका, एकटं सोडू नका, आणि कुणी शिकवलं हे विचारणं थांबवा. शेवटचं मला लागू होतं. तुलाही.

कमलाकर

*

वणी,
१९ फेब्रुवारी २००६

दादा,

तुझ्या जानेवारीतल्या पत्राला आणि नंतरच्या दोन्हींना उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं. आजही तुझ्यासाठी लिहीत नाहीये. पण दुसऱ्या कुणाला लिहावं ते कळत नाही.

नागपूरचा पत्ता मी देव्हाऱ्याखालच्या खणात टाकला. अवधूत रोज म्हणत, जाऊ या. मी रोज म्हणत होते, परीक्षा होऊ द्या. तू सांगितलंस ते सगळं उलट केलं. न्हाणीघराची कडी काढली, दप्तर तपासलं, सासूबाईंच्या खोलीत अभ्यासाला बसवलं. जानेवारीच्या शेवटी ती आखूड बाह्यांचा ड्रेस घालून जेवायला आली. हातावर जुन्या खुणा, नवीन एक नाही. मी तुला पत्र लिहायला घेतलं होतं. "बघ," एवढाच मजकूर होता.

सहा तारखेला दुपारी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. काय झालं ते लिहीत नाही, आणि तूही कुणाला विचारू नकोस. वाचली. सासूबाईंनी बघितलं म्हणून वाचली. त्या ऐकत नाहीत असं दाखवतात, तू म्हणतोस ना. त्यांनी न्हाणीघरातलं पाणी थांबल्याचं ऐकलं.

चार दिवसांनी नागपूरला नेलं. खणातला पत्ता अवधूतनी स्वतः काढला. मी गाडीत सगळं मनाशी जुळवत होते. तांड्यावरची एक मुलगी होती, तिच्या नादानं लागली. डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्या. त्यांनी विचारलं नव्हतं तरी मी सांगून टाकलं. त्या लिहून घेत होत्या. मग शाल्मलीकडे वळून म्हणाल्या, "तू सांग."

ती म्हणाली, "आई सांगते तसंच."

दादा, तिनं ते इतक्या सवयीनं म्हटलं. रडून नाही, रागानं नाही. जसं कुणी "चहा नको" म्हणेल तसं. नोव्हेंबरात फोनवर "हो" म्हणाली होती ना, तेही असंच म्हणाली असेल. नाव मी दिलं होतं. तिनं फक्त घेतलं.

मी म्हटलं, "मी खोटं बोलले. कुणी शिकवलं नाही. हिनंच सुरू केलं, आणि दुसऱ्याची मुलगी आमच्यामुळे बाहेर काढली गेली." अवधूत माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टरबाईंनी लिहायचं थांबवलं. शाल्मलीनं मान वर केली.

उपचार सुरू आहेत. दर शनिवारी जातो. बारावी यंदा नाही. सासूबाई विचारणाऱ्यांना सांगतात, पोरगी आजारी आहे, आणि कोणता आजार विचारलं तर तेही सांगतात. मला ते अजून जमत नाही. खेमसिंगांना मी पत्र लिहिलं, विमलताईंनाही. विमलताईंचं उत्तर आलं, खेमसिंगांचं नाही. येणारही नाही. तू मध्ये पडू नकोस.

तुझ्यावरचा राग आहे तसा आहे. तुझ्या घरात, तुझ्या डोळ्यांदेखत, तुझ्या अक्षरानं हे झालं. माझ्यावरचा राग त्याहून जास्त आहे, म्हणून तुझ्या वाट्याला कमी येतो, इतकंच. होळीला येऊ नकोस. इंदुताईला पाठव. शाल्मली तिची आठवण काढते.

नागपूरच्या त्या दिवशीचं एक राहिलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो, अवधूत खाली औषधं आणायला गेले होते. तीन महिने सगळे तिला एकच विचारत होतो, मीही. मला दुसरं काही विचारताच येत नव्हतं. मी तिचा हात मांडीवर घेतला आणि म्हटलं, "दुखतं का गं?"

"हो," म्हणाली.

"खूप?"

"हाताचं नाही."

मग बोलायला लागली. आधी हळू, मग भराभर, मध्येच रागानं. बरंचसं माझ्याबद्दल होतं. अवधूत औषधं घेऊन जिन्यानं वर आले, आम्हाला बघितलं, आणि पुन्हा खाली उतरून गेले. ती बोलतच होती.

रत्ना